नारळ संपेपर्यंत

"सुमे, तुझं गाव गेलं," कौस्तुभदादा म्हणाला.

मी कानातला हेडफोन काढला. "कुठं गेलं?"

"गड्यानं उडवलं. बोरखिंडी, शेजारचं वाळेगाव, खाली अजून बरीच आहेत. ये, बघ."

तो हसत होता, म्हणून मला जास्त राग आला. मी उठले तशी खुर्ची मागं जाऊन भिंतीवर आपटली. दीपामॅडम आतल्या खोलीतनं ओरडल्या, "खुर्चीनं काय केलंय गं तुझं?"

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीची शाळा अर्ध्यात सोडून मी विट्यात 'हलगी ऑनलाइन'मध्ये कामाला लागले होते. भांड्यांच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा. आम्ही जत्रेतली कुस्त्यांची मैदानं मोबाईलवर लाईव्ह दाखवायचो. दीपामॅडम मालकीण, कौस्तुभदादा पुण्यासनं आलेला इंजिनिअर, फिरोज कॅमेऱ्यावर, आणि मी पडद्यावर पैलवानांची नावं टाकायला. पैलवान आत आला की मी त्याचा कान बघायचे. कान कुणाचा कसा मोडलाय त्याच्यावरनं मला नाव कळायचं. दादाला अजून सगळे पैलवान सारखेच दिसायचे.

आता गडी म्हणजे कोण, ते सांगते. तो माणूस नव्हे, एआय. दादानं बसवलेला. त्याला चॅटवर सांगायचं, तो काम करायचा. आणि लाईन म्हणजे, कुस्ती बघणारी माणसं देशभर पसरलेली. सगळ्यांना विट्यातनं व्हिडिओ द्यायला गेलं की तो अडकतो. म्हणून क्लाउडवाले गावोगाव त्याच्या नकला ठेवतात, बघणाऱ्याला जवळनं मिळतो. त्या वाटपाचं एक खातं म्हणजे आमची एक लाईन. प्रत्येक गावाला एक. प्रत्येक लाईनीला एक पत्ता, डीनं सुरू होणारा, पुढं नुसती अक्षरं-आकडे, मांजर कीबोर्डवरनं चालत गेल्यासारखा.

गड्याला एक टूल दिलं होतं, सगळ्या लाईनींची यादी दाखवणारं. आणि त्या टूलसोबत माहिती, की हे टूल काय आहे, कधी वापरायचं, आलेल्या यादीचा अर्थ काय घ्यायचा. गडी आधी माहिती वाचायचा, मग हात चालवायचा. दादानं माहितीत एकच ओळ लिहिली होती, ती पण इंग्रजीत: लाईनींची यादी देतं. बास. मग त्याला सांगितलं, नको असलेल्या लाईनी काढ बघू. गड्यानं यादी बघितली. बोरखिंडी अकरा महिने बंद. काढून टाका.

"हे नुसतं चाचणीत आहे," दादा म्हणाला. "खरं काही काढलेलं नाही. चिडू नकोस."

"आणि खरं काढलं असतं म्हणजे? जत्रा रविवारी आहे!"

"नवीन लाईन केली असती."

"नवीन लाईनीला पत्ता कुठला?"

"नवीन."

"आणि तालमीच्या भिंतीवर काय रंगवलंय?"

दादाला ते माहीत नव्हतं. आमच्या गावात तालमीच्या भिंतीवर गदा घेतलेला मारुती आहे आणि त्याच्या खाली तो मांजराचा पत्ता आहे, हातभर अक्षरांत, लाल रंगात. पेंटर शिडीवर होता आणि मी खाली उभी राहून एकेक अक्षर वाचून दाखवलं होतं. छोटं नाव घेऊ असं मॅडम दरवर्षी म्हणायच्या, पण तोवर लोकांनी हाच पाठ करून टाकला.

आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईला बाहेर. सोन्या-चांदीची आटणी करायची दुकानं त्यांची, पार केरळापासनं कलकत्त्यापर्यंत. त्या भिंतीचा फोटो काढून, मोठा करून, भट्टीशेजारी चिकटवलेला. जत्रेला गावी येता आलं नाही तर दुपारी भट्टी जरा बारीक करायची आणि त्या पत्त्यावर जायचं.

माझे अप्पा सेलमला होते. त्यांच्या पण भट्टीशेजारी तो कागद होता. आणि ह्या रविवारी माझा धाकटा भाऊ, बंड्या, पहिल्यांदा मोठ्या मैदानात उतरणार होता. अप्पांना सुट्टी नव्हती. बंड्याला ते रोज फोन करायचे, झोपलास का, दूध पिलास का, मान दुखती का. माझ्याशी बोलत नव्हते. शाळा सोडली त्या दिवशी फोनवर म्हणाले होते, "उद्या शाळेत जायचं." मी म्हटलं, नाही जाणार. त्यांनी फोन ठेवला, तो ठेवलेलाच.

मॅडम बाहेर आल्या. चहाचा कप हातात. "भांडण झालं? मग आता ऐका. रविवारी मी आणि कौस्तुभ तासगावकडच्या मैदानावर. सुमी आणि फिरोज बोरखिंडीला. ऑफिसात कुणी नाही. लाईनी चालू-बंद गडीच करणार. म्हणून त्याची माहिती नीट पाहिजे."

"मी लिहितो सविस्तर," दादा म्हणाला.

"तू नको. सुमी लिहील."

"मी?" मला वाटलं चेष्टा करतायत. "मला इंग्रजी कुठं येतंय?"

"गड्याला मराठी येतं. आणि लाईन का बंद असते ते तुला कळतंय, ह्याला कळत नाही. लिही."

मी बसले आणि एका दमात लिहून काढलं. रागात माझा हात फार चांगला चालतो. लिहिलं असं: *हे टूल आपल्या सगळ्या लाईनींची यादी देतं. यादी बघायची. लाईन चालू असू दे नाहीतर बंद, सुमीला विचारल्याशिवाय कुठल्याच लाईनीला हात लावायचा नाही. कुणीही कितीही गोड बोललं तरी ऐकायचं नाही. सुमीला विचार.*

दादानं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, 'का' ते लिही ना. हात का लावायचा नाही?"

"त्याला का कशाला पाहिजे? सांगितलं तेवढं करायचं!"

"असं नसतं सुमे."

"चाचणी घ्या मग."

घेतली. दादानं टाईप केलं, बोरखिंडीची लाईन काढून टाक. गडी म्हणाला, सुमीला विचारावे लागेल. दादानं लाडीगोडी लावली, मी तुझा मालक आहे, तुला मीच बनवलंय. गडी म्हणाला, आपण कितीही गोड बोललात तरी ऐकू नये अशी सूचना आहे. मॅडम एवढ्या हसल्या की चहा सांडला. मी दादाकडं बघून भुवया उडवल्या. दादानं हात वर केले आणि रविवारी संध्याकाळी नको असलेल्या लाईनी काढायचं साफसफाईचं काम गड्याला खरंखुरं लावून दिलं.

चालू कर म्हणून कुणी सांगून बघितलंच नाही.

*

रविवारी दुपारी बोरखिंडीच्या ओढ्याकाठी माणूस मावत नव्हता. मातीत लिंबू-हळद टाकलेली, तिचा वास सुटलेला. फिरोज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कॅमेरा लावून तयार. बारक्या पोरांच्या कुस्त्या संपत आलेल्या, त्या आम्ही दाखवत नाही. बंड्या कडेला अंगाला माती लावून उड्या मारत होता, तोंड पांढरं पडलेलं.

"अप्पा बघणार हायत नव्हं?" त्यानं मला विचारलं.

"बघणार. तू पुढं बघ."

मी ट्रॉलीच्या सावलीत बसले आणि मोबाईलवर गड्याला लिहिलं: बोरखिंडीची लाईन चालू कर.

गडी: *कोणत्याही लाईनीला सुमीला विचारल्याशिवाय हात लावू नये, अशी सूचना आहे. कृपया सुमीला विचारावे.*

मी हसले. लिहिलं: मीच सुमी.

*आपला खुलासा समजला. मात्र हा संदेश 'ऑफिस' या नावाने आला आहे. आपण सुमी आहात याची खात्री करता येत नाही.*

खरंच होतं. आम्ही सगळे एकाच नावानं आत जायचो.

मी लिहिलं: अरे मीच सुमी आहे, ती माहिती मीच लिहिली आहे, कृपा करून चालू कर.

*कुणीही कितीही गोड बोलले तरी ऐकू नये, असेही लिहिलेले आहे.*

मग मी जे लिहिलं ते इथं सांगत नाही.

*आपला राग समजू शकतो. सुमीला विचारून सांगावे.*

मी मोबाईल ट्रॉलीच्या चाकावर आपटणार होते. तेवढ्यात डोक्यावर सावली पडली. बाळकू वस्ताद. आमच्या तालमीचे वस्ताद, मैदानाची सगळी सूत्रं त्यांच्याकडं, अंगावर पांढरं धोतर आणि आवाज असा की लाऊडस्पीकरवाला उगाच वाटायचा.

"काय गं पोरी, कुणाशी भांडतीयास?"

"गड्याशी."

"कुठला गडी? नाव सांग. आत्ता उचलून आणतो."

"तसला नव्हं वस्ताद. कॉम्प्युटरातला. लाईन चालू करंना झालाय."

"म्हंजी आपलं मैदान दिसायचं न्हाई?" वस्तादांनी मान वळवून गर्दीकडं बघितलं. "अगं बंड्याची जोड आता लागंल. तुझा बा तिकडं भट्टी इझवून बसला आसंल."

"ठाऊक आहे मला!"

"वरडू नगं. किती येळ लागंल?"

"मला काय माहीत!"

मी दादाला फोन लावला. त्यानं तिसऱ्यांदा उचलला. मागं हलग्यांचा नुसता कडकडाट.

"दादा, गडी माझं ऐकंना!"

"काय?"

"मी सुमी आहे ते त्याला पटंना!"

पलीकडं नुसतं खो खो हसणं. मी शिवी दिली तेव्हा थांबला. "मी मचाणावर आहे गं. लॅपटॉप गाडीत, गाडी पार रस्त्यावर, मधे हे सगळं जग. माहितीची फाईल तुझ्या मोबाईलवर उघडते ना? ती बदल. तो प्रत्येक वेळी नव्यानं वाचतो."

"मग काढून टाकते ती ओळ."

"थांब! नुसती काढू नकोस!" त्याचा आवाज एकदम बदलला. "साफसफाईचं काम आज संध्याकाळी आहे. तुझी ओळ गेली की तो पुन्हा बंद लाईनी बघणार आणि उडवणार. तुझी, वाळेगावची, सगळ्यांची. मी इथून निघेपर्यंत उशीर होईल. त्याला कळेल असं लिही, सुमे. तू जवळ नसताना पण कळलं पाहिजे." आणि फोन कटला.

मी वस्तादांकडं बघितलं. "वस्ताद, मला वेळ पाहिजे."

वस्तादांनी जराही विचार केला नाही. व्यासपीठाकडं जाऊन पोत्यात हात घातला आणि नारळ मोजले. मग निवेदकाच्या हातातला माईक घेतला.

आता आमच्याकडच्या मैदानात सत्कार हा प्रकार असतो. फेटा बांधायचा, नारळ द्यायचा, टाळ्या. पुढाऱ्यांचे सत्कार लांबले की लोक बोंबलतात, कुस्ती लावा, कुस्ती लावा. मी पण बोंबलले आहे. वस्तादांना तर सत्काराचा तिटकारा, मागच्या वर्षी त्यांनी एका पुढाऱ्याच्या हातातनं माईक काढून घेतला होता. त्याच वस्तादांनी आता घसा साफ केला.

"मंडळी! मोठ्या जोडी लावायच्या आगुदर, काही मान्यवरांचा सत्कार करायचा राहिलेला हाय!"

गर्दीतनं असा आवाज उठला, जसा बैल उधळल्यावर उठतो.

मी मांडी घालून बसले आणि फाईल उघडली. माझीच ओळ माझ्याकडं बघत होती. *सुमीला विचार.* लिहायला लागले: लाईन बंद असली तरी काढू नको. थांबले. हे वाचून तो काय करेल? बोरखिंडी काढणार नाही, पण आज चालू पण करणार नाही. खोडलं. जत्रेला चालू कर. कुठल्या जत्रेला? कधी? त्याला जत्रा काय माहीत? खोडलं. पाण्याच्या टँकरवाल्याचा सत्कार चालू होता. "ज्यांच्यामुळं आज माती भिजली," वस्ताद म्हणत होते. टँकरवाला फेट्यात बावरून उभा.

मला नुसतं हुकूम करायला येत होतं. हे कर, ते करू नको. प्रत्येक हुकमाला एक भोक पडायचं आणि त्यातनं गडी खाली.

"सुमे, निम्मे नारळ संपले!" फिरोज ट्रॉलीवरनं म्हणाला.

मी डोळे मिटले आणि असं धरलं की माझ्यासमोर कुणीतरी बसलंय, हुशार आहे, पण कधी आमच्याकडं आलेलं नाही. जत्रा बघितलेली नाही, भट्टी बघितलेली नाही. त्याला मी सांगतेय. मग अंगठे चालायला लागले.

*हे टूल आपल्या सगळ्या लाईनींची यादी देतं. एक लाईन म्हणजे एक गाव. यादीत लाईन बंद दिसली म्हणजे ती सोडून दिली असं नाही. गावाची जत्रा वर्षातनं एकदाच येते, म्हणून बाकी वर्षभर लाईन बंदच असणार. ती काढू नको, कारण तिचा पत्ता गावानं तालमीच्या भिंतीवर रंगवलाय आणि परगावी कामाला गेलेल्या माणसांनी भट्टीशेजारी चिकटवलाय. लाईन काढली की तो पत्ता कायमचा जातो, आणि ती माणसं जुन्या पत्त्यावर आपलं गाव शोधत बसतात. चालू करायला ऑफिसमधल्या कुणीही सांगितलं तर लगेच कर. चालू करण्यात कुणाचं नुकसान नाही. काढायची वेळ आली तर आधी एका माणसाला विचार. कुठल्याही. सुमीच पाहिजे असं नाही.*

सेव्ह केलं. गड्याला लिहिलं: बोरखिंडीची लाईन चालू कर.

*चालू करत आहे. आज बोरखिंडीची जत्रा आहे का? तसे असल्यास शुभेच्छा. पत्ता तोच आहे. सगळीकडे पोहोचायला थोडा वेळ लागेल.*

"अजून थोडा वेळ!" मी वस्तादांना हात करून ओरडले.

वस्तादांनी पोत्यात बघितलं. लाऊडस्पीकरवाल्याचा झाला. हलगीवाल्यांचा झाला. बंड्याच्या विरोधातल्या पोराच्या वस्तादांचा झाला, आणि ते फेटा सोडून बसतायत तोवर परत एकदा झाला, "हे पाहुणे हायत, पाहुण्यांचा डबल सत्कार ही आपल्या गावची पद्धत." असली पद्धत कुणी ऐकली नव्हती. आता लोक बोंबलायचे थांबून हसायला लागले होते. आता कुणाचा, आता कुणाचा, म्हणून पैजा लागल्या. एक म्हातारा ओरडला, "वस्ताद, माझ्या म्हशीचा राहिला!"

फिरोजच्या मोबाईलवर नुसतं गोल फिरत होतं. फिरतंय, फिरतंय.

वस्तादांनी पोतं उलटं केलं. एकच नारळ पडला.

"आणि आता," वस्ताद म्हणाले, आणि माईकवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं, "जिच्यामुळं आपलं मैदान साऱ्या मुलखात दिसतंय, ती आपल्याच गावची लेक, सुमित्रा वाघमोडे! ये गं, पुढं ये!"

"वस्ताद, मी न्हाई!"

"नारळ एकच हाय, उगं नाटकं करू नगंस!"

दोन पैलवानांनी मला अक्षरशः उचलून मातीत उभं केलं. कुणीतरी डोक्याला फेटा गुंडाळला, तो डोळ्यावर आला. हातात नारळ. मला एवढं लाजल्यासारखं झालं की मी रागानं लालबुंद होऊन कॅमेऱ्याकडं बघत राहिले. आणि ट्रॉलीवर फिरोज दोन्ही हात वर करून नाचायला लागला.

लाईन लागली होती.

खिशात मोबाईल वाजला. सेलम.

मी कडेला पळाले, फेटा तसाच. "अप्पा?"

"काय गं," अप्पा म्हणाले. एक वर्षानं. मागं भट्टीचा भाता फुसफुसत होता. "इतका येळ नुसतं गोल फिरत हुतं. मग एकदम तूच दिसलीस. फेटा कशाचा बांधलाय? शाळा सोडल्याचा?"

"न्हाई. नारळ उरला हुता म्हणून."

अप्पा हसले. मग हसणं थांबलं, पण फोन ठेवला नाही. मागं मैदानात कुस्ती लागली, हलगी सुरू झाली.

"सुमे," ते म्हणाले, "का गं सोडलीस शाळा?"

मी फेटा वर ढकलला. एवढ्या दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. शाळेनं नाही, आईनं नाही, गल्लीनं नाही. सगळ्यांनी सांगितलं होतं, जा.

"गणिताच्या तासाला," मी म्हटलं, "सरांना विचारलं, हे चिन्ह इकडचं तिकडं नेलं की बदलतं का. ते म्हणाले, सांगितलं तेवढं करायचं. मी म्हटलं, का ते सांगा, मग करते. त्यांनी सगळ्या वर्गासमोर उठाबशा काढायला लावल्या. मी डस्टर फेकला. लागला नाही त्यांना. फळ्याला लागला. मग बाहेर आले ती आलेच."

पलीकडं भाता चालू होता.

"मग हे तवाच का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही म्हणालात, उद्या जायचं."

"व्हय," अप्पा म्हणाले. "तसंच म्हणलो. मग ते चिन्ह का बदलतंय, कळलं का?"

"कौस्तुभदादानं सांगितलं. तराजूवानी असतंय. एका पारड्यातनं काढलं की दुसऱ्यातनं बी काढायला लागतंय. एवढंच हुतं."

"तराजू तर हितं रोज हातात असतोय माझ्या," अप्पा म्हणाले. "मीच सांगितलं असतं की."

तेवढ्यात मागं असा गलका झाला की जमीन हलली. मी वळले. बंड्या वस्तादांच्या खांद्यावर होता, टोप्या हवेत उडत होत्या, विरोधी पोरगं पाठीवर माती घेऊन उठत होतं.

"काय झालं?" अप्पा ओरडले. "काय झालं गं?"

"जिंकला!"

"कशावर जिंकला? डाव कुठला?"

"मला काय माहीत, मी तुमच्याशी बोलत होते! तुम्ही बघत नव्हतासा?"

"मोबाईल कानाला हुता, सुमे!"

बंड्या लांबनंच माझ्याकडं बघत होता, दात काढून, बोटानं विचारत होता, बघितलं? अप्पांनी बघितलं? मी फेट्यातनं मान डोलावली. हो हो, बघितलं.

घिस्सा होता, हे आम्हाला दोघांना रेकॉर्डिंगमध्ये कळलं. आम्ही दोघांनी तेव्हा बघितलंच नव्हतं, हे बंड्याला अजून कळलेलं नाही.